खोडलेलं तपासत नाहीत

लाल बिनमध्ये पडलेला पीस कुणी परत उचलायचा नाही. मॅनेजरनेसुद्धा नाही.

कंपनीची बस मोशीच्या चौकात थांबत नाही, नुसती हळू होते. चढणाऱ्याने चढून घ्यायचं.

इंटिग्रेशनच्या शेवटी 'अधिक सी' लिहायला विसरलं तर गुण जातो.

देहूरोडला रहिमानभाईंच्या गॅरेजमधून एकही गाडी ढकलत परत जात नाही. निदान पहिल्या वळणापर्यंत तरी ती चालते.

वरच्या खोलीत वॉशिंग मशीन फिरायला लागलं की खालच्या खोलीतलं टेबल हलतं.

परीक्षेला निळं किंवा काळं पेन. लाल पेन फक्त तपासणाऱ्याकडे.

*

विजयश्रीच्या डोक्यात त्या वर्षी हे सगळं एकदमच असायचं. कुठलं कशाच्या वर ठेवायचं आणि कुठलं खाली, ते तिला ठरवता यायचं नाही.

बाकी गोष्ट सरळ होती. ती पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करत होती. दोन वर्षांचे सगळे विषय सुटले होते, पहिल्या वर्षाचं गणित तेवढं राहिलं होतं. एकदा गेलं. दुसऱ्यांदा गेलं. तिसऱ्या वेळी निकाल बघायला तिने स्वतःचा फोन न वापरता आईचा वापरला, तरी गेलं. पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसू देत नाहीत. वर्ग पुढे गेला आणि ती मागे राहिली. याला, म्हणजे इयर डाउनला, मुलं 'वायडी लागली' म्हणतात. ताप आल्यासारखं.

नुसतं घरी बसण्यापेक्षा म्हणून ती चाकणच्या एका कंपनीत तपासणीला लागली. ब्रेकचे सुटे भाग. लाइनच्या टोकाला उभं राहायचं, पीस हातात घ्यायचा, माप बघायला गेज लावायचा, कड बघायची. मग हिरवा ट्रे किंवा लाल बिन. काम तिला आवडलं. बरोबर की चूक हे गणितात तिला कधी कळायचं नाही. इथं पीस हातात असतानाच कळायचं.

वडील, अर्जुनराव, भोसरीला पत्र्याचे भाग दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होते. लातूरहून आले तेव्हापासून तिथेच. त्यांनी एकदा नुसतं विचारून पाहिलं, की कंपनीत आता बरं चाललंय, तर मग पुढं कसं काय. उत्तराची वाट न बघता ते आंघोळीला गेले. आई तशी सोडणारी नव्हती.

"पेपर दे की. मी कुठं नको म्हणायले?" सुमनताई म्हणाल्या. "पण दर बारीला तेच. एकदा काय ते होऊन जाऊ दे."

विजयश्रीने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की हा शेवटचा. सुटला तर जुलैत तिसऱ्या वर्षात बसणार. नाही सुटला तर कॉलेजातून दाखला काढून आणणार, विषय संपला. आई म्हणेल, अगं असं नको बोलू, असं तिला वाटलं होतं. सुमनताईंनी मान हलवली आणि भाजी निवडायला घेतली.

*

*सूचना: सर्व प्रश्न अनिवार्य.*

*

लाइनवरचा नियम एका ओळीचा होता. शंका आली की रिजेक्ट.

तो तिला सोपानरावांनी शिकवला होता. सोपानराव लाइनचे सुपरवायझर, राजगुरुनगरच्या बाजूचे, बोलणं गावचं ते गावचंच ठेवलेले. ती लागून थोडेच दिवस झाले होते. एका पीसला गेज गेला, पण जाताना किंचित घट्ट वाटला. बाकी सगळं ठीक होतं. तिने हिरव्या ट्रेत ठेवला. आठवड्याने ज्यांना माल जातो त्यांच्याकडून तक्रार आली आणि पूर्ण लॉट परत आला. दोन शिफ्टची माणसं तो पुन्हा एकेक करून तपासत बसली. चहाच्या रांगेत कुणीतरी हिंदीत म्हणालं, मॅडम ने पास किया है, अब सब लोग मिलके फिर से पास करो.

सोपानराव ओरडले नाहीत. त्यांनी तो पीस आणून तिच्या तळहातावर ठेवला.

"धर. तवा काय वाटलं व्हतं?"

"जरा घट्ट वाटला होता, काका."

"मंग?"

"वाटलं, चालेल."

"चालंल म्हनायचं न्हाई. शंका आली का लाल. बरोबर असंल तरी लाल. एक चांगला पीस वाया गेल्यानं कंपनी मरत न्हाई, पोरी. एक वाईट गेला तर मरती."

त्यानंतर तिच्या हातून गेलेल्या मालाची एकही तक्रार आली नाही. तिचा लाल बिन इतरांपेक्षा लवकर भरायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, उलट दोनदा नोटीस बोर्डावर तिचा फोटो लागला. हात आता स्वतःच ठरवायचा. डोक्यात शंका यायच्या आधी मनगट उजवीकडे वळलेलं असायचं. लाल बिन उजवीकडे होता.

*

आरफा तिच्याच वर्गातली. रहिमानभाईंची मुलगी. गणित तिचंही एकदा गेलं होतं, दुसऱ्या वेळी काठावर सुटलं आणि ती पुढे गेली. आता तिसऱ्या वर्षाला होती आणि दर रविवारी विजयश्रीला गॅरेजच्या वरच्या खोलीत बोलावून जुने पेपर सोडवायला बसवत होती. खाली रहिमानभाई कुणाची तरी मोपेड किक मारमारून जागी करत असायचे.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी आरफाला ते दिसलं. चहा द्यायला म्हणून ती वाकली, तर वहीच्या पानावर गणितं होती आणि प्रत्येक दुसऱ्या गणितावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली.

"हे का खोडलंस?"

"बरोबर नाही वाटलं."

आरफाने पुस्तकाच्या मागचं उत्तर काढून पाहिलं. "बरोबर आहे की."

"मला नव्हतं वाटलं."

"आणि हे?"

तेही बरोबर होतं. त्याच्या खालचं चुकलं होतं, पण शेवटच्या पायरीवर.

"विजू, तू पेपर सोडवतेस का रिजेक्ट करतेस गं?"

मग आरफाने बरंच ऐकवलं. अब्बांना काय, गाडी बघितल्या बघितल्या कळतं होय काय बिघडलंय? कित्येकदा नाही कळत. तरी ते उघडतात, प्लग पुसतात, वायर हलवून बघतात, जे येतं ते करतात. गिऱ्हाईकाला दिसतं की माणसाने हात घातलाय, आणि निम्म्या गाड्या तेवढ्यानेच चालू होतात. पेपर तपासणारा म्हणजे गिऱ्हाईक. प्रत्येक पायरीला गुण असतात. सूत्र लिहिलं त्याचा गुण, किमती घातल्या त्याचा गुण, उत्तर चुकलं तरी मागचं सगळं जमा होतं. पण फुली मारली की मागचंपुढचं सगळं शून्य.

विजयश्रीला हे ऐकून थोडी लाजच वाटली, आरफाची. चुकलेला असेल असं वाटत असताना पीस पुढे ढकलायचा, आणि वर त्याचे गुण मागायचे.

"आणि गाडी वळणावर बंद पडली तर?" तिने विचारलं.

"पडली तर पडली. ढकलत आपल्याकडेच आणतात. दुसरीकडे कोण घेतंय अब्बांनी हात लावलेली गाडी?"

दोघी हसल्या. आरफाने तरीही सोडलं नाही. एकही गणित खोडणार नाही, असं तिच्या तोंडून वदवून घेतलं.

*

आकुर्डीचं केंद्र. सकाळचा पेपर. सत्तर गुण, अठ्ठावीस मिळाले की सुटली.

प्रश्न १. छोटी छोटी गणितं. सूत्रं पाठ आहेत. लिहिते. अधिक सी. अधिक सी. अधिक सी.

प्रश्न ५ आधी घेते, कारण त्यात बोल्ट आहेत. एका कारखान्यातले दोन टक्के बोल्ट सदोष निघतात. शंभर बोल्टांच्या खोक्यात नेमके तीन सदोष असण्याची संभाव्यता काढा. तिला क्षणभर हसू येतं. आमच्याकडे खोक्यात तीन निघाले तर संभाव्यता कुणी काढत नाही, लॉट थांबवतात. पण गणित येतं. सरासरी दोन. किमती घालते. शून्य दशांश एक आठ. लिहिते. पुढचं पान.

प्रश्न २ (ब). एक्स गुणिले ई चा एक्स घात, इंटिग्रेट करा. दोन भागांत करायचं असतं, ते ती करते. चार ओळींत संपतं.

चार ओळींत?

लाइनवर पीस वेळेच्या आधी आला तर तिला आधी धडकी भरते. एखादं ऑपरेशन सुटलेलं असतं. भोक पडलेलं नसतं किंवा कड घासलेली नसते. ती वरून खाली बघते. काही सुटलेलं दिसत नाही. दिसत नाही म्हणजे सुटलेलं नाही असं नाही. हात

फुली.

तिला कळतं तेव्हा फुली झालेली असते. डावीकडून उजवीकडे एक तिरकी रेघ, उजवीकडून डावीकडे दुसरी. आरफाचा चेहरा. असू दे. एकच आहे. पुढचं नाही खोडायचं.

प्रश्न ३ (क). एक्सचा वर्ग वजा चार एक्स हा वक्र आणि एक्स अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ, शून्यापासून चारपर्यंत. हा प्रकार तिने गॅरेजवर तीन-चारदा केलाय. सूत्र. इंटिग्रेशन. वरची किंमत, खालची किंमत. चौसष्ट छेद तीन, वजा बत्तीस. उत्तर येतं उणे बत्तीस छेद तीन.

उणे.

क्षेत्रफळ उणे कसं असेल? पत्रा उणे असतो का? जमीन उणे असते? ती पुन्हा करते, कच्च्या पानावर. उणे बत्तीस छेद तीन. आणखी एकदा. तेच. तीनदा मोजूनही तेच चुकीचं माप येत असेल तर गेज ठीक आहे आणि पीस वाईट आहे. ह्यात शंकासुद्धा नाही.

फुली. या वेळी जाणूनबुजून.

प्रश्न ४ (अ). अर्ध्यावर अडतं. फुली.

प्रश्न ४ (ब). प्रश्न ४ (क). एक राहतं, एक खोडलं जातं. आता हाताला लय सापडली आहे. शेजारच्या बाकावरचा मुलगा पुरवणी मागतो. पर्यवेक्षक बाई उठून ती देतात. पंखा आवाज करतो. विजयश्री पानं मागे उलटते, किती झालं ते बघायला.

पान, फुली. पान. फुली. फुली. पान.

ती न खोडलेले गुण मोजते. सगळे पूर्ण धरून. मग खरे धरून. मग पुन्हा पूर्ण धरून, कारण खरे धरले तर आकडा अठ्ठाविसापर्यंत येत नाही, आणि पूर्ण धरले तरी येत नाही.

तिला एकदम तहान लागते. बाटली बाहेर, बॅगेत आहे. बॅग बाहेर, भिंतीला लावून ठेवली आहे. तिथे उन्हात असेल.

ती हात वर करते. बाई येतात. पुरवणी पुढे करतात.

"मॅडम, खोडलेलं परत चालेल का? म्हणजे बाजूला लिहिलं, की हे तपासा?"

बाई तिच्या पानांकडे बघत नाहीत. त्यांना बघायचं नसतं.

"खोडलेलं तपासत नाहीत," त्या म्हणतात आणि पुढच्या बाकाकडे जातात.

दाराजवळ जाऊन त्या घड्याळात बघतात. परत येतात. तिच्या बाकाशी जराशा रेंगाळतात, कागदावरची धूळ झटकावी तशी पुरवणी ठेवतात आणि हलकेच म्हणतात, "नवीन पानावर उतरवून काढ. शेवटची घंटा व्हायचीय अजून."

उतरवून काढायचं. विचार करायचा नाही, नुसतं उतरवायचं. ज्याच्यावर स्वतः फुली मारली तेच, आहे तसं, पुढे पाठवायचं.

फार तर दोन होतील. कुठलं आधी? ई वालं चार ओळींचं आहे. क्षेत्रफळाचं लांब आहे, पण त्यात पायऱ्या जास्त आहेत. आरफा म्हणाली होती, पायरीला गुण. तिला फुलीच्या रेघांमधून अक्षरं वाचावी लागतात. प्रश्न ३ (क). सूत्र उतरतं. हात भरून येतो. किमती उतरतात. मागे कुणीतरी पेपर देऊन निघून जातं, चपलांचा आवाज दारापर्यंत. चौसष्ट छेद तीन. वजा बत्तीस.

बरोबरचं चिन्ह. आता उत्तर.

पेन थांबतं. उणे लिहायचं का? नुसतं बत्तीस छेद तीन लिहिलं तर ते निदान क्षेत्रफळासारखं दिसेल. पण का, ते तिला माहीत नाही. न आलेलं माप आलं म्हणून लिहायचं, ते तिला जमत नाही. त्यापेक्षा आलेलं वाईट माप लिहिणं बरं. ती उणे लिहिते. बत्तीस छेद तीन. चौरस एकक.

आणि ते खोडत नाही. पान उलटते. डावा हात उजव्या मनगटावर ठेवूनच उलटते.

प्रश्न २ (ब), इतकं लिहून होतं आणि

*

बाईंनी पेपर काढून घेतला.

*

बाहेर जिन्यापाशी आरफा उभी होती. तिच्या तिसऱ्या वर्षाचा पेपर दुपारी याच केंद्रावर होता आणि ती मुद्दाम लवकर आली होती. विजयश्रीचं तोंड बघून तिने कसा गेला असं विचारलं नाही. प्रश्नपत्रिका मागितली.

दोघी पार्किंगमधल्या एका स्कूटरवर टेकल्या. आरफा एकेक गणित विचारत गेली. विजयश्री सांगत गेली, हे ठेवलं, हे खोडलं. पहिल्या खोडलेल्यावर आरफाने डोळे मिटले. क्षेत्रफळाच्या गणितावर येऊन विजयश्रीने सांगितलं की उत्तर उणे आलं म्हणून आधी खोडलं, मग उणेसकट उतरवून काढलं.

"उणे आलं म्हणून?" आरफा म्हणाली. "अगं, तो वक्र अक्षाच्या खाली जातो. खाली गेला की उणेच येतं. नुसतं चिन्ह काढून टाकायचं, एवढंच असतं. गणित तुझं बरोबर होतं."

"पूर्ण?"

"पूर्ण. शेवटची ओळ सोडून."

विजयश्रीने विचारलं, मग गुण मिळतील का. आरफाने प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकडे मांडले, दोनदा, एकदा हात सैल ठेवून आणि एकदा आखडता घेऊन. खात्रीचे पंचवीस होत होते. त्याच्या वर काही नव्हतं, तेवढं एक क्षेत्रफळाचं गणित होतं, चार गुणांचं. त्यातले तीन मिळाले तर सुटली. दोन मिळाले तर गेली. उणे चिन्हाला तपासणारा किती कापेल ते माणसावर आहे, आरफा म्हणाली. कुणी एक कापतं. कुणी म्हणतं, क्षेत्रफळ उणे लिहिलंय म्हणजे हिला काही कळलेलंच नाही, आणि निम्मे कापतं.

"तू असतीस तर?"

"मी पूर्ण दिले असते. पण मला कोण तपासायला देतंय."

आत घंटा झाली. आरफाने पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबली आणि जिना चढून गेली. जाता जाता वळून म्हणाली, की घरी जाऊन आज तरी पेपरला हात लावू नकोस. विजयश्री म्हणाली, नाही लावत. प्रश्नपत्रिका तिच्या हातातच होती.

*

आकुर्डीहून तिने मोशीकडे जाणारी बस धरली. बसायला जागा होती, पण ती उभी राहिली. भोसरीच्या अलीकडे आईचा फोन आला.

सुमनताईंनी आधी जेवलीस का विचारलं, मग पाणी प्यालीस का, मग थोडं थांबून, सुटंल का. विजयश्रीने सांगितलं की एका गणितावर आहे. तीन गुण मिळाले तर सुटलं. आईला हे नीट कळलं नसावं. एवढं मोठं तीन तास बसून एका गणितावर कसं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मागे वरच्या खोलीतलं मशीन फिरत होतं, त्याचा आवाज फोनमध्ये येत होता.

मग सुमनताई म्हणाल्या, "तुझे पप्पा सकाळी विचारून गेलेत. दाखला काढायला कधी जायचं, रजा टाकावी लागंल म्हणून."

बस सिग्नलला थांबली होती. समोर ट्रेलरची रांग, चाकणकडे तोंड करून. विजयश्रीने दांडा धरलेला हात बदलला.

"दाखला नाही काढायचा, आई."

"मग? तूच म्हणालीस ना, शेवटचा म्हणून?"

"म्हणाले होते."

"आणि नाही सुटलं तर?"

"तर परत देईन."

विजयश्रीला वाटलं, फोन कट झाला. तिने कानापासून काढून बघितलं. चालू होता. आईचा श्वास ऐकू येत होता, चिडलेला की दमलेला ते कळत नव्हतं.

"परत म्हणजे अजून एक वर्ष," सुमनताई म्हणाल्या.

"हो."

"पप्पांना तूच सांग."

"सांगते."

सिग्नल सुटला, पण पुढचा ट्रेलर हलला नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. सेकंड शिफ्टची वेळ होत आली होती आणि तिने आज रजा घेतलेली नव्हती. घरी जाऊन कपडे बदलायचे, चौकात येऊन कंपनीची बस पकडायची, आणि मधल्या वेळात अर्जुनराव घरी आलेले असणार. त्यांना काय सांगायचं, त्याची पहिली ओळ तिने मनात जुळवली. नीट वाटली नाही. तरी तीच ठेवली आणि दुसरी जुळवायला घेतली.

उणे बत्तीस छेद तीन या उत्तराला तपासणाऱ्याने चारपैकी तीन गुण दिले.